सरईचं ताजं बी

बीरगांवच्या रोपवाटिकेत वनमालाबाई बारा वर्षांपासून रोपं वाढवत होत्या, पण सरई, म्हणजे सालवृक्ष, त्यांना कधी साधली नव्हती. सरईचं बी झाडावरून पडलं की जेमतेम आठवडाभर जिवंत राहतं. गेल्या वर्षी पोतं महिनाभर गोदामात पडून राहिलं आणि एकही बी उगवलं नाही. यंदा मात्र सरई उगवून दाखवीन, असा शब्द त्यांनी रोपवाटिकेच्या साहेबांना दिला होता.

कवर्ध्याच्या जंगलातून बी घेऊन निघालेला ट्रक बिघडून जवळच्याच भनपुरीत तीन दिवस उभा राहिला, आणि ते कुणी कळवलंच नाही. चौथ्या दिवशी कळताच वनमालाबाई ऑटो करून गेल्या. पोत्यात हात घातला, तर बी आतून गरम झालेलं. ते पोतं ऑटोत घालून त्या रोपवाटिकेत परतल्या.

"आता काय उगवते हे? फेकून दे," नवरा शंकर म्हणाला. तोही रोपवाटिकेतच कामाला होता.

"काहून फेकू? सगळंच थोडी मेलं असंल."

दोघांनी बी सावलीत पसरलं, बियांना असलेले पाकळ्यांसारखे पंख मोडले आणि त्याच दुपारी पिशव्यांत पेरलं. प्रत्येक पिशवीत त्यांनी सरईखालची मूठभर माती घातली, कारण त्या मातीशिवाय रोप जोर धरत नाही.

दहा दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. अकराव्या सकाळी शंकरनं हाक मारली. निम्म्याहून जास्त पिशव्यांत लालसर कोंब वर आले होते. वनमालाबाई तिथंच वाफ्याच्या कडेला बसल्या.

"मले चाय आण," त्या म्हणाल्या. "अन् दोन बिस्किटं पण. लय भूक लागून राहिली."