सुतकात घेतलेला बांगडा

मी इथे फारसं लिहीत नाही. आज मात्र राहवलं नाही.

बाबांना जाऊन आठवडा झाला. तेरावं व्हायचंय, म्हणून घरात मासळी बंद आहे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. आज जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला माशाचे कल्ले बघायचे होते आणि आमच्या टेबलासाठी मासा आणायची पाळी माझी होती.

रोह्याच्या बाजारात बांगडा मागितला. बाबा जिच्याकडून मासळी घ्यायचे ती मावशी माझ्याकडे बघतच राहिली.

"घरचं तेरावं नाय झालं ना गो अजून? कोणासाठी नेतेस?"

"कॉलेजला पाहिजे."

"कॉलेज बांगडा खातंय व्हय?" शेजारची म्हणाली आणि दोघी हसल्या.

प्रॅक्टिकलनंतर साबणाने हात पुन्हा पुन्हा धुतले. पण गावी, निडीला पोचले तर बातमी माझ्याआधी घरी आलेली. आत्याने दारातच माझे हात हुंगले.

"खरं सांग गो, कुठं खाल्लास?"

"खाल्ला नाय आत्या. कल्ले उघडून बघितले फक्त. लालभडक होते."

कल्ले उघडून बघितल्याशिवाय बाबा कधी मासा घेत नसत, हे आत्यालाही माहीत आहे. "मग ताजा होता," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

मला वाटलं, विषय संपला. थोड्या वेळाने बघते तर ती माझ्या बॅगेतला डबा उघडून हुंगत होती.

आपलं दुःख खरं आहे, हे तुम्हाला कधी घरच्यांनाच पटवून द्यावं लागलंय का?