आपांचा कोल्हापूरचा शेजारी

आपांना कुणी "सगळं ठीक आहे" म्हटलं की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "ठीक, पण कशासाठी?" डब्यातली भाजी ठीक आहे म्हटलं तरी तेच. "कशासाठी ठीक? भूक भागवायला, की पाहुण्यांना वाढायला?" शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांच्यासमोर तो शब्द टाळत.

रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजची नेटवर्कची खोली आपांच्या ताब्यात होती आणि मी त्यांच्या हाताखाली. आपांचं माहेर मिरकरवाड्याचं, नवरा आखातात. मासळीच्या लिलावाशेजारी वाढल्यामुळे आवाज असा, की रूटरच्या पंख्यांची घरघर त्यात बुडून जाई. त्यांना फोनवर तोडीस तोड भेटले ते कोल्हापूरच्या आमच्या जोडकॉलेजचे नेटवर्कवाले साहेब. दोन्हीकडचे रूटर बीजीपी नावाच्या, वाटा कळवायच्या पद्धतीनं एकमेकांचे शेजारी म्हणून जोडलेले. त्यांचे मालक मात्र रोज भांडत, आणि दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नव्हतं.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास कोल्हापूरहून आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुडे किडीविषयीचं व्याख्यान मल्टिकास्टनं, म्हणजे सगळ्या केंद्रांत एकाच वेळी, दाखवायचं ठरलं. आमच्याकडे बागायतदार आवर्जून येऊन बसले. व्याख्यान सुरू झालं, आणि आमचा पडदा काळाच.

"आवो आपा, शेजार जुळलाय की! सगळं ठीक हाय," साहेब फोनवर गरजले.

"कशासाठी ठीक?"

रूटरमध्ये साध्या वाहतुकीची एक ॲड्रेस फॅमिली, म्हणजे पत्त्यांचा वेगळा खाना, असते आणि मल्टिकास्टची दुसरी. शेजाऱ्याला प्रत्येकीत वेगळं चालू करावं लागतं. आपांनी आपल्या बाजूनं ते केलं होतं. "मल्टिकास्टच्या फॅमिलीत आमच्यापुढे काय लिहिलंय, जरा मोठ्यानं वाचा," त्या म्हणाल्या. साहेबांनी वाचायला घेतलं आणि ते मध्येच अडखळले. त्या गृहस्थांचा आवाज खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"ॲक्टिव्हेट करायचं ऱ्हायलंच की ओ..."

त्यांनी ते केलं, आणि दोन केंद्रांमधलं सगळंच बंद पडलं. प्राचार्य धावत आले. "आपा, होतं तेही गेलं!"

"बसा हो सर. दोन्ही रूटर नव्यानं ओळख करून घेतायत."

थोड्या वेळानं खरंच चित्र उमटलं, पण तोवर व्याख्यान संपत आलं होतं. व्याख्याते हसतमुखानं म्हणाले, "एवढं सांभाळलंत, तर मोहोर वाचलाच म्हणून समजा. धन्यवाद."

पहिल्या रांगेतले एक बागायतदार उठले. "एवढं म्हंजे केवढं?"

आपांनी पुन्हा फोन उचलला. "साहेब, त्यांना जाऊ देऊ नका!"

"दारातच हुबा हाय मी. जात्यात कुठं?"

व्याख्यात्यांना चहा पाजून साहेबांनी अख्खं व्याख्यान पुन्हा करायला लावलं. बागायतदारांनी फोनवरून शंका विचारून त्यांना संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

पुढे आपा नवऱ्याकडे कायमच्या आखातात निघाल्या. निरोपाच्या दिवशी खोलीत एक किडकिडीत, अगदी बुटका माणूस गुळाची ढेप घेऊन उभा राहिला. "मी कोल्हापूरचा," तो म्हणाला, तेव्हा कुठे आवाजावरून ओळख पटली. आपा पाहतच राहिल्या. दोघंही लाजले. "प्रवास कसा झाला?" "झाला की."

शेवटी साहेब शेजारच्या ऑफिसात गेले आणि तिथून त्यांनी आमच्या खोलीत फोन लावला. आपांनी तो उचलला, आणि पुढचा अर्धा तास दोघं मनसोक्त भांडले.

मी मात्र खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं. आपा ओरडत होत्या, आणि ओढणीनं डोळे पुसत होत्या.