कुलपाशी गप्पा

अडकलेली कुलपं उघडण्याचं काम किल्लीवाली वडिलांकडून शिकली होती. घाबरणं मात्र तिचं स्वतःचं होतं. एकटी असली की कुलूप दोन मिनिटांत तिचं ऐकायचं, पण पाठीमागून कुणी "झालं का?" विचारलं, की बोटं ऐनवेळी दगा द्यायची. पहिल्याच कामात तिने किल्ली कुलपातच मोडली आणि घरमालकाला खिडकीतून आत शिरावं लागलं. मालक चांगलेच भारदस्त होते, खिडकी नव्हती.

"माणसांकडे लक्ष देऊ नकोस, कुलपाशी बोल," वडील चेष्टेने म्हणाले. तिने ते अक्षरशः मनावर घेतलं. तेव्हापासून दारासमोर उकिडवी बसून ती पुटपुटायची, आणि विषय बहुधा नणंदेचा असायचा. त्या बाईंचं घोरणं, त्यांची उधारीवरची छत्री, सगळं शहरातल्या निम्म्या कुलपांना ठाऊक झालं होतं. हात मात्र स्थिर राहू लागले.

एकदा चौथ्या मजल्यावरून बोलावणं आलं. चार वर्षांची पोर न्हाणीघरात अडकली होती आणि आतून रडून आकांत करत होती. बाहेर आई रडत होती, आजोबा दार फोडायला निघाले होते आणि शेजारचे काका, ज्यांनी आयुष्यात पेचकस धरला नव्हता, ते कुठला पेच आधी काढायचा ते सांगत होते.

किल्लीवालीच्या तळहातांना घाम फुटला. तिने गुडघे टेकले, तार आत सरकवली आणि सवयीने कुजबुजली, "काय सांगू तुला, आमच्या वन्संनी परवा माझा चष्मा घालून अख्खं लग्न पाहिलं..."

आतलं रडणं थांबलं. "मग?" दारातून बारीक आवाज आला.

किल्लीवाली दचकली. कुलपाने आजवर कधी पुढचं विचारलं नव्हतं.

"मग नवरदेव समजून आचाऱ्यालाच आशीर्वाद दिला," ती जरा मोठ्याने म्हणाली.

आत खुदकन हसू आलं. आईनेही डोळे पुसले. "आचारी काय म्हणाला?" काकांनी विचारलं, आणि पेचांचा विषय तिथेच राहिला. आचारी काय म्हणाला ते तिला रचूनच सांगावं लागलं, कारण वन्संनी तेवढं सांगितलं नव्हतं. त्या नादात तार नेमकी बसली आणि खटका सरकला.

पोर बाहेर आली ती डोक्यावर साबणाचा फेस घेऊन. आईने तिला उचलून घेतलं, तर ही आईच्या खांद्यावरून किल्लीवालीलाच दटावू लागली, "एवढ्यात का उघडलंस?"

पिशवी आवरून किल्लीवाली जिना उतरू लागली. तिसऱ्या मजल्यावर पाय लटपटू लागले, तशी ती पायरीवर बसली. मागोमाग आजोबा पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" त्यांनी विचारलं.

"वाटते की," घोट घेत ती म्हणाली. "पण दार उघडेपर्यंत तिला थांबायला सांगते. आता आलीये बघा."

आजोबा शेजारच्या पायरीवर टेकले. त्यांचेही पाय अजून थरथरत होते.