आप्पांच्या बंडीचा खिसा

आप्पांच्या बंडीला आतल्या बाजूने एक खिसा होता आणि जुन्नर-आंबेगावच्या झाडून सगळ्या जत्रा त्या खिशात राहायला होत्या. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडत, गावोगावच्या जत्रा कमिट्या फड ठरवायला येत, आणि कोणत्या गावाला कोणता फड जाणार हे आप्पा खिशातल्या चिठ्ठ्या चाळून सांगत. त्या दिवसांत बंडीला एवढं वजन येई की आप्पा बसले की जमीन दोन बोटं खचायची. हे मी सांगतो. वारूळवाडीचे लोक चार बोटं म्हणतात.

मी त्यांच्या राहुटीत तारखा लिहायला होतो, आणि कमिटीवाल्यांना थापा मारायलाही. "तुमच्या गावचं नाव काढलं की नाचणारीच्या पायातले चाळ आपोआप वाजत्यात, पावणं," असं मी म्हटलं की सरपंच खूश. आप्पा मला थापाड्या म्हणत. "थापाड्या, तुझी थाप मी वासावरून वळखतो," असं वर सांगत. ते खरं होतं.

त्यांचा एकच मंत्र होता. "मान्सं येत्यात-जात्यात. ठरल्याला खेळ उभा ऱ्हायला पायजे." एखादी फडमालकीण कुरकुरली तर ते बोलत नसत, नुसते खिशावर हात ठेवत. पुढचा अख्खा चैत्र ती बाई पाल ठोकून माशा मारी. माणूस प्रेमळही होता, नाही असं नाही. पण त्या प्रेमालासुद्धा तारीख घ्यावी लागे.

आप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या पोरांनी त्यांचं चरित्र लिहून घेतलं. लिहिलं एका निवृत्त हेडमास्तरांनी, सांगितलं आप्पांनी. पुस्तक एवढं जाड झालं की आळे गावात ते कुणाच्या डोक्यात घातलं तर पार घारगावात टेंगूळ यावं. पोरांनी माझ्या हातात एक वही दिली: "काका, वाचकांचे अभिप्राय गोळा करा. दुसऱ्या आवृत्तीत छापू." आप्पांची नजर गेली होती, म्हणून रोज सकाळी खाटेशी बसून वाचून दाखवायचं कामही माझंच.

अभिप्राय म्हणजे काय सांगू! एका सरपंचाने लिहिलं, 'पुस्तक उत्तम, आमच्या जत्रेला दोनच ओळी, निषेध.' एका फडमालकिणीने सांगितलं, "वाचलं न्हाई. पण लई जड हाय, दाराला लावलंय." बाकी सगळ्यांना मात्र एकच पान आवडलं होतं: एकशे बारा. त्या पानावर गुणा सोंगाड्या होता. हजेरीच्या, म्हणजे जत्रेत सकाळी देवापुढे होणाऱ्या खेळात मुलगी अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, तरी त्याने गावाला दुपारपर्यंत हसवलं, केवढी कलानिष्ठा! कुणी लिहिलं, डोळे पाणावले. कुणी लिहिलं, हा धडा शाळेत लावा.

प्रत्येक अभिप्रायानंतर आप्पा विचारत, "गुणाचं आलं का?"

"नाही, आप्पा."

"जा की मग आळ्याला."

मी टाळत होतो. कारण तो निरोप मीच घेतला होता. घोडनदीकाठचं गाव, वाण्याच्या दुकानातला फोन. 'गुणाची पोर लई शिरीयस, लगेच धाडा.' मी चिठ्ठी लिहून आप्पांना दिली. तेव्हा दहा वाजले होते. गुणा फाटका कोट घालून पारावर मावशीला छेडत होता आणि गाव हसून लोळत होतं. आप्पांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. "खेळ हू दे," म्हणाले. एकला खेळ सुटला तेव्हा त्यांनी गुणाला स्वतःच्या जीपमधून पाठवलं. पोर बाराला गेली होती. निरोप दहालाच आला होता हे मी गुणाला सांगितलं नाही. आयुष्यभर थापा मारत सुटलेलं माझं तोंड त्या दिवशी मात्र बंद राहिलं.

शेवटी गेलो आळ्याला. गुणा आता ओसरीवर बसून लसूण सोलत असतो. त्याने पुस्तक वाचलं होतं, बोटाने ओळ धरून, महिनाभर. त्याने वही घेतली, लिहिलं आणि परत दिली. "त्येंना वाचून दाव, भाऊ. येवडंच."

दुसऱ्या दिवशी खाटेशी बसून मी वही उघडली आणि माझ्या पदरचं वाचलं, "आप्पांनी मला घडवलं. त्यांच्यासारखा माणूस होणे नाही." आप्पांचा धाकटा शेजारी उभा होता, त्याने ते मोबाइलवर टिपून घेतलं आणि खूश होऊन बाहेर गेला.

आप्पा म्हणाले, "वास आला, थापाड्या. गुणा आसं बोलनार न्हाई. खरं वाच."

मी वाचलं. 'पुस्तक झ्याक हाय. पान येकशेबारावर मला ठावं व्हतं आसं लिवलंय. मला ठावं नव्हतं. ठावं आसतं तर मी हसवलं नसतं. मी पळालो आसतो. येवडं दुरुस्त करा.'

खाली आणखी एक ओळ होती. आप्पांनी हात वर केला. "बास."

त्यांनी छताकडे तोंड केलं. मग म्हणाले, "दहा वाजल्यापासनं ती चिठ्ठी छातीला टोचत व्हती. एकला काढली. तरी टोचतीच." त्यांनी बंडी मागितली. मी ती त्यांच्या अंगात घातली. त्यांनी वहीचं पान चाचपून फाडलं, घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवलं. लपवायला की जवळ ठेवायला, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी आप्पा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे बंडीसकट त्यांना अग्नी दिला. पाच फडांचे ढोलकीवाले आले होते. गुणाही आला होता, मागे, टोपी हातात धरून. मी चितेकडे बघत होतो तो फक्त त्या खिशासाठी.

दुसरी आवृत्ती निघाली. मलपृष्ठावर, सर्वांत वर, गुणाच्या नावाने माझी थाप छापलेली आहे. पान एकशे बारा जसंच्या तसं. गुणाचा फोन आला: "भाऊ, ह्ये मी कवा लिवलं?" मी म्हणालो, रेंज नाही, आणि फोन ठेवला. रेंज चार दांड्या होती.

खरा कागद जळाला. आता साक्षीला उरलोय मी, आणि मला या तालुक्यात कोण खरं मानतं? जमीन दोन बोटं खचली नव्हती, कबूल. आळ्याहून घारगावला टेंगूळ येत नाही. पण ती न वाचलेली शेवटची ओळ मात्र शब्दाला शब्द अशी होती:

'आन् पोरीचं नाव कुटंच न्हाई पुस्तकात. मंगल व्हतं. त्ये बी लिवा.'