गादीच्या दुकानाचं पार्श्वसंगीत

तिसगावच्या गादीवाल्याच्या जाहिरातीत मी बोलणं एका बाजूला ठेवलं आणि संगीत दुसऱ्या बाजूला. ती कॅसेट वाजणार होती रिक्षाच्या टपावर बांधलेल्या एकुलत्या एक भोंग्यावर. ज्याला यातलं कळतं तो इथंच हसायला लागतो. बाकीच्यांसाठी पुढचं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरमध्ये एका टायरच्या दुकानावर माझी खोली होती, तिला मी स्टुडिओ म्हणायचो. चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर, एक माइक, आमचा ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा माझ्या वाट्याला आलेला कीबोर्ड आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर ठोकलेल्या जुन्या गाद्या. उन्हाळ्यात आत बसलं की आपण कुणाच्या तरी उशीत शिवले गेलोय असं वाटायचं. रिक्षातून फिरणाऱ्या आणि केबलवर सिनेमाच्या अधेमधे लागणाऱ्या जाहिरातींना तीस-चाळीस सेकंदांचं संगीत करणं हे माझं काम. साडीला सतार, बियाण्याला बासरी, टायरला ड्रम. एवढ्या भांडवलावर लोक मला मास्तर म्हणायचे आणि मीही मान डोलवायचो.

जाहिरातीत बोलायला एक निवेदक होते. पन्नाशीचे, दिवसा एका कचेरीत आवक-जावक बघायचे आणि रविवारी, खालचं दुकान बंद असलं की, माझ्याकडे येऊन माइकसमोर बसायचे. जिल्ह्यातल्या निम्म्या कुस्त्या आणि सगळी स्नेहसंमेलनं त्यांच्या आवाजात झालेली. आमचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. ते मला पेटीवाला म्हणायचे. ते केस काळे करायचे, म्हणून मी त्यांना मुद्दाम काका म्हणायचो. त्यांचं म्हणणं असं की जाहिरात म्हणजे बोलणं, संगीत आपलं पाठीमागे कुठंतरी असावं, नसलं तरी हरकत नाही. ते समोर असेपर्यंत मी संगीत खाली घ्यायचो आणि त्यांची पावलं जिन्यावरून उतरली की पुन्हा वर. हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं.

गादीवाला आला तो या दोन माणसांच्या तावडीत. वीस वर्षं तो नगरच्या बाजारात थोरल्या भावाच्या दुकानात कापूस पिंजत होता. माझ्या भिंतीवरच्या गाद्या त्यानंच आणून ठोकल्या होत्या. आता भावाशी फाटलं होतं. त्यानं तिसगावला गाळा घेतला, पिंजायची मशीन बसवली. लग्नसराई तोंडावर. लग्नात मुलीला गादी-उशी द्यायची तर ऑर्डर सांगायची बाजाराच्या दिवशी, आणि थोरल्या भावाचा माणूस दर बाजारी तिसगावला येऊन चहाच्या टपरीवर बसून ऑर्डरी लिहून न्यायचा. लग्नसराईआधीचा एकच बाजार उरला होता. तो हातचा गेला तर मशीन विकायची आणि परत भावाच्या दारात उभं राहायचं, असं त्यानं आम्हाला सरळ सांगितलं. नवं दुकान कुठं निघालंय एवढं लोकांना कळलं पाहिजे, बाकी काही नको, हेही सांगितलं. ते शेवटचं मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात तोवर शहनाई सुरू झाली होती.

चाळीस सेकंदांचा तुकडा केला. लग्नाचं वातावरण म्हणून शहनाई, तिच्याखाली संतूर, शेवटी एक लहानशी तान. आजही सांगतो, बरा झाला होता. पण या वेळी निवेदक बोलून झाल्यावर उठलेच नाहीत. रेकॉर्डरजवळ खुर्ची ओढली आणि संगीताच्या बटणावर बोट ठेवून बसले, नाक्यावरच्या हवालदारासारखे.

“मी बोलायला लागलो की तुझ्या बोटांना खाज सुटते,” ते म्हणाले.

मी म्हणालो की तुम्ही दर वाक्याआधी हौदावर आलेल्या बैलासारखा श्वास घेता, तो झाकायला वाजवावं लागतं. अर्धा तास तसाच गेला. त्यांचं बोट बटणावर आणि माझी नजर त्यांच्या बोटावर. शेवटी मला ती कल्पना सुचली. दोन भाऊ एकत्र नांदत नसले की काय करतात? बांध घालतात. स्टिरिओतला डावा कान त्यांना दिला, उजवा मला. कुणी कुणाच्या हद्दीत यायचं नाही.

हेडफोनवर ते इतकं स्वच्छ वाजलं की मी स्वतःवरच खूश झालो. निवेदकांनी दोनदा ऐकलं, खोट सापडेना, त्यामुळे त्यांचा संशय आणखी वाढला.

“भोंग्यावर लावून बघितलंस का?”

मी म्हणालो, भोंग्याला काय कळतंय त्यातलं. ते चपला घालून गेले. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा उतरवून साठ मिनिटांची कॅसेट भरली आणि रिक्षावाल्याकडे पोचवली.

बाजाराच्या दिवशी एसटी धरली. मला कुणी बोलावलं नव्हतं. गादीवाल्याचं काय होतंय ते बघायला गेलो असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं, पण मी गेलो होतो माझी शहनाई तिसगावच्या बाजारात ऐकायला. करंजीचा घाट उतरताना तर पुढच्या बाकावरच्या माणसाला ती गुणगुणून दाखवली. तो जागा बदलून मागे जाऊन बसला.

उतरलो आणि टोमॅटोच्या ढिगांपलीकडून ती आलीच. संतूरसकट. मी रिक्षाच्या मागे चालायला लागलो. टोमॅटो संपले, बांगड्या संपल्या, शेळ्यांच्या बाजारालाही वळसा झाला. भोंगा असूनही तान कशी सुटी येतेय, हे मी मनात नोंदवत होतो. अख्खा एक फेरा मारला. तेवढ्यात मिरच्या विकणाऱ्या एका बाईंनी मला हटकलं.

“कुणाची वरात हाय?”

वरात नाही मावशी, जाहिरात आहे, मी अभिमानानं म्हणालो. कशाची, त्यांनी विचारलं. मी रिक्षाकडे बोट केलं. आता सांगतील बघा. आम्ही दोघं थांबलो. शहनाई झाली, संतूर झालं, तान झाली. पुन्हा शहनाई सुरू झाली. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मिरच्या तोलायला लागल्या. आणि मी, संगीताचा मास्तर, अख्खा फेरा ज्याच्या मागे चाललो त्यात बोलणं औषधालाही नव्हतं, हे तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

निवेदकांच्या ते केव्हाच ध्यानात आलं होतं. तेही आले होते, सोबत मेव्हण्याला आणि साडूला घेऊन. आपला आवाज ऐकवायचा म्हणून त्या दोघांना सकाळपासून स्टँडजवळ उभं केलं होतं आणि त्यांना ऐकू येत होती माझी शहनाई. त्यांनी माझी कॉलर धरली नाही, कारण हातात रसाचा ग्लास होता. ग्लास त्यांनी साडूकडे दिला आणि मग धरली.

“माझा आवाज कुठाय?”

डाव्या बाजूला, मी म्हणालो. याहून वाईट उत्तर त्या प्रसंगी देता आलं नसतं. साडूनं मध्ये पडायच्या ऐवजी रस पिऊन टाकला. भोवती माणसं जमली. जाहिरातीला जमली नव्हती तेवढी. रिक्षावाल्यानं वैतागून रिक्षा आमच्या अंगावर आणून उभी केली आणि टेप उघडून दाखवला. टेपातून दोन वायरी निघत होत्या, एक लाल, एक पांढरी. भोंग्याच्या मशीनला भोक एकच. पांढरी ढिली बसते म्हणून तो नेहमी लालच खुपसायचा, आणि आजवर काही बिघडलं नव्हतं, कारण सगळ्या कॅसेटींत दोन्हीकडे सगळंच असायचं.

“मला काय म्हाईत तुमी वाटण्या केल्यात,” तो म्हणाला.

त्यानं लाल उपटली, पांढरी बसवली, हलू नये म्हणून वर बिडीच्या बंडलाचा कागद कोंबला. भोंग्यातून आधी बैलासारखा श्वास आला, मग निवेदक. गादी, उशी, तक्क्या, मशीनवर पिंजून, बाजारतळाच्या मागे, नवं दुकान. संगीताचा एक कणही नाही. मेव्हण्यानं मान डोलावली. निवेदकांनी कॉलर सोडली, माझ्याकडे न बघता केस सारखे केले आणि रिक्षाच्या मागे चालायला लागले. मगाशी मी चालत होतो तसेच.

मी दुकानाकडे गेलो. गादीवाला दारातच बसला होता. सकाळपासून तीन माणसं आली होती, त्यातलं एक सावलीला टेकायला. समोर टपरीवर भावाच्या माणसानं वहीचं पान उलटलेलं त्याला इथून दिसत होतं. काय झालं ते मी सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. एक शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुपार कलता कलता माणसं यायला लागली. जुन्या कापसाची गाठोडी घेतलेल्या बाया, मुलीच्या मापाचं विचारणारे बाप. भोंगा ऐकून आलो म्हणायचे. काही जण वळून टपरीकडे बघत आणि आधीच तिकडं सांगून बसलो म्हणून चुकचुकत. बाजार उठेपर्यंत मशीन विकावी लागणार नाही एवढं काम आलं. सकाळी त्या भोकात पांढरी वायर असती तर केवढं आलं असतं, हा हिशेब मी त्याच्यासमोर केला नाही.

पण मी गप्पही बसलो नाही. पुढच्या बाजारासाठी नवी कॅसेट फुकट करून देतो, म्हणालो. बोलणं दोन्हीकडे, संगीत दोन्हीकडे, अगदी हळू, शहनाई नको असेल तर नुसतं संतूर. तो मशीनशी वाकला होता. मिशांवर, भुवयांवर कापूस बसलेला. त्यानं मान वर केली नाही.

“म्युझिक लई गोड हाय, मास्तर. तुमच्या घरी वाजवा.”