सुमनताईंनी न बदललेला शब्द

सुमनताईंची आणि माझी पहिली भेट भांडणात झाली. म्हणजे मला ते भांडण वाटलं. निघालो होतो भुसावळला; गाडी बुऱ्हाणपूरच्या अलीकडे चांदनी स्टेशनात थांबली, मी चहाला उतरलो, गप्पांत रमलो आणि गाडी गेली. एका मोटारसायकलवाल्यानं बुऱ्हाणपुरात आणून सोडलं. तिथे केळीच्या वखारीतून बायकांची आरडाओरड ऐकली आणि सोडवायला आत धावलो. समोर पदर खोचून ताई उभ्या.

“भांडू नका, मावशी!”

“झगडा नाही रे बाबा, तालीम आहे. पण सोडवायला आलास ना? मग बैस. आमची सासू आज आली नाही, तिचं तू वाच.”

मी सासू झालो, आणि भुसावळ राहिलं ते राहिलंच. (इथली खव्याची मावा जिलबी हेही त्याचं एक कारण. पण तो विषय काढला तर लेख तिथेच संपेल.)

मोहल्ल्यातल्या माणसांना घेऊन ताई कित्येक वर्षं नाटकं बसवत आहेत. जवळच्या दापोरा गावचे एक केळीवाले शेतातून थेट तालमीला येत, सदऱ्यावर चिकाचे काळे डाग घेऊन. काम राजाचं. कुणी हसलं की ताई म्हणायच्या, “आपला राजा कामाचा आहे, आयता नाही!”

शाळा अर्धी, नोकऱ्या पाव-पाव, असा मी. ताईंनी मला एक गोष्ट पुरी करायला लावली. जेवायला बोलवायच्या आणि वाढण्याआधी विचारायच्या, “आज कुठवर आलं नाटक?” अशा रीतीनं भुकेपोटी माझं पहिलं नाटक लिहून झालं.

गोष्ट साधी. आई कामासाठी परगावी जाते, मुलगी वाट पाहते. शेवटी दार वाजतं, मुलगी ‘आई!’ म्हणत ते उघडते. बाहेर कुणीच नसतं. पडदा.

तालमीत ताई म्हणाल्या, “आपले अर्धे लोक हिंदीवाले. ‘आई’ म्हटलं की ‘आली’ समजतील. बदलू का?”

मी अडून बसलो. “त्या शब्दावरच तर नाटक उभं आहे, ताई.”

“मग नाही बदलत. शब्द लेखकाचा.”

प्रयोगात मुलीनं दार उघडलं. “आई!” पहिल्या रांगेतल्या एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, “आई? किधर आई? दिख तो नहीं रही!” अख्खा मंडप हसला. माझं नाटक शेवटच्या शब्दाला आडवं झालं होतं. मी मागच्या मागे चपला शोधू लागलो.

पण पडदा पडेना. पहिल्या प्रवेशात निघून गेलेल्या आईचं काम ताईच करत होत्या. त्या विंगेतून आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि हातातली पिशवी खाली ठेवली. मुलगी क्षणभर खरोखरच गोंधळली, मग त्यांच्या गळ्यात पडली.

“हाँ, अब आई!” आजी म्हणाल्या. टाळ्या थांबेनात.

ताई नंतर मला म्हणाल्या, “तुझा शब्द बदलला नाही हां. खरा केला फक्त. नको असेल तर पुढच्या प्रयोगाला नाही येणार.”

“यायचंच, ताई,” मी म्हणालो.

लिहिलं मी होतं. पण वाट पाहणाऱ्या माणसाला रिकामं दार दाखवू नये, हे मला ताईंनी आणि त्यांच्या मंडळींनी शिकवलं. त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

पंचाहत्तरीच्या ताईंचे गुडघे साथ देत राहोत, आवाज असाच वखारीबाहेर ऐकू येवो. नव्या नाटकात मी शंभर वर्षांच्या बाईची भूमिका लिहितो आहे. ती ताईंनीच करावी, वयाचा मेकअप न लावता.