एकशे बारावं वाक्य

दुपारचं जेवण झालं की द्वारकाबाई खैरनारांचे डोळे जड होतात. मांडीवरचे छापील कागद हळूहळू घसरताहेत. विद्यापीठातली ऋजुता अफवांवर संशोधन करते. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांपायी माणसं कशी मारली जातात, यावर. व्हिडिओंमधलं कोणतं वाक्य धमकी, कोणतं कबुली, कोणतं थट्टा, हे ठरवायला तिने गावची बोली जाणणाऱ्या निवृत्त शिक्षिका कामाला घेतल्या आहेत, बाई त्यांतल्याच एक. एकशे बाराव्या वाक्यापुढे बाईंनी सकाळीच 'कबुली' लिहिलंय. वाक्य असं: हो, पोरं न्यायला आलोय.

ते बोलणाऱ्या सावळाराम बहुरूप्याला आठ महिन्यांपूर्वी गावच्या बाजारात लोकांनी ठेचून मारलं.

आणि आता तो पहिल्या बाकावर बसलाय. हवालदाराचं सोंग: खाकी अर्धी चड्डी, लाकडी पिस्तूल, खोट्या मिशा. चाळीस वर्षं तो दिवाळीनंतर असाच शाळेत यायचा. दारात काठी आपटून म्हणायचा, पोरं न्यायला आलोय, पाढे कोणाला येत नाहीत? पोरं किंचाळायची, हसायची, बाईंच्या पदराआड लपायची. फक्त आता त्याच्या डोक्याची एक बाजू आत गेलीय.

"बाई, हजेरी घ्या," तो म्हणतो.

बाई नावं घेतात. एकेक विद्यार्थी उठतो, तो मिशा फुटलेला, बायकापोरं असलेला बाप्या. कोणाच्या हातात सायकलची चेन, कोणाच्या हातात पहार. वर्गाला भिंती नाहीत, कांद्याच्या गोण्या आहेत, आणि पायाखाली रक्ताचा चिखल. ते मारायला लागतात, पाढे म्हणावेत तशा एका सुरात. बे एके बे, बरगडी. बे दुणे चार, जबडा.

बाई ओरडून सांगतात, अरे सोडा, हा आपला सावळाराम. आवाजच फुटत नाही. हातात मोबाइल तापलाय. पडद्यावर आठ महिन्यांपूर्वीचा तोच निरोप: वेष बदलून मुलं पळवणारी टोळी आलीय, सगळ्यांना पाठवा. त्यांचा अंगठा तो माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पाठवतो, परत पाठवतो. अंगठा टेकला की सावळारामच्या कवटीवर घाव पडतो.

"मला माहीत नव्हतं हो," त्या म्हणतात.

"मला तरी कुठं? वाटलं, बाईंचीच पोरं आहेत, हसतील." तो रक्त थुंकतो. "मेलो ते मेलो. पण कबुली लिहिलीत?"

"तुम्ही खरंच पोरं न्यायला आला असाल, तर मी पाठवलेलं खरं ठरतं, सावळाराम."

"म्हणजे तुम्ही सुटलात. माझी नात शाळेत जाते, बाई. तिला पोरचोराची म्हणतात. आता ते पुस्तकात छापून येणार."

घाव थांबत नाहीत. अंगठाही थांबत नाही. बाई तो तोंडात घालतात आणि हाडापर्यंत चावतात.

साडेतीन वाजलेत. उन्हाची तिरीप अंथरुणावर आलीय. बाई उठून बसतात आणि तशाच ऋजुताला फोन लावतात. एकशे बारा ही थट्टा आहे, त्या सांगतात. चाळीस वर्षं मी ती वर्गात ऐकलीय. मग सकाळी कबुली का लिहिलं, ऋजुता विचारते.

"कारण तो निरोप आमच्या गावात मी पाठवला होता," बाई म्हणतात. "माझं नाव घाल. पूर्ण घाल."

फोन खाली ठेवताना पडद्यावर रक्त दिसतं. अंगठ्यावर दातांचे खोल व्रण, वर चार, खाली चार. बाई जिभेने हिरड्या चाचपून पाहतात. कवळी जेवणानंतर धुऊन ठेवलेली, तिकडे खिडकीत, वाटीतल्या पाण्यात आहे.